बिनखडूचं बेतणं

बारकी कधीच बारीक नव्हती. घरात शेवटची जन्मली म्हणून थोरल्या भावाने तिला बारकी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता तिची आजी व्हायची वेळ आली, शिलाई मशीनसमोर बसली की खालचं स्टूल दिसेनासं होतं, तरी सगळ्या गल्लीची ती बारकीताईच. भावाला गल्ली मास्तर म्हणते, ती दादा म्हणते. दोघांचं मिळून एक टेलरिंगचं दुकान, दुकानामागे स्वयंपाकघर आणि त्यामागे दोन खोल्या, एक तिची आणि एक त्याची. तिचा नवरा गेला तेव्हा लेक शाळेत होती. दादाने लग्न केलंच नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, तर "माझ्या मापाची मिळाली नाही" म्हणायचा आणि समोरच्याने हसायच्या आत कात्री उचलायचा.

कामाची वाटणी ठरलेली होती. मापं घ्यायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, शिवायचं, काजं करायची, ही बारकीची कामं. बेतायचं मात्र दादानेच. टेबलावर कापड पसरून तो आधी ते हाताने चाचपायचा, मग खडू घेऊन सगळ्या रेघा मारायचा, एक पाऊल मागे सरून बघायचा आणि मगच कात्री लावायचा. साधा उशीचा अभ्रा असला तरी रेघेशिवाय त्याची कात्री चालत नसे. बारकी म्हणायची, "अरे, अभ्र्याला कसल्या खुणा? चार सरळ बाजू तर आहेत." तो म्हणायचा, "सरळ असतं तिथेच चुकतं." या माणसाशी वाद घालण्यापेक्षा मशीन चालवलेलं बरं, असं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

दादा आजारी पडला की पहिल्यांदा सुटायचा तो खडू. तसा तो आयुष्यात दोनदाच आजारी पडला, पण जे झालं ते घर विसरलं नाही. पहिल्या वेळी त्याची झोप गेली, बोलणं सुटलं, आणि कापडावर आपोआप रेघा दिसताहेत असं म्हणत त्याने गिऱ्हाइकांच्या कापडांना, घरातल्या पडद्यांना, चादरींना सरळ कात्री घातली. शेवटी भाचीच्या, बारकीच्या लेकीच्या, गणवेशाची बाही कापली. गणवेश भाचीच्या अंगात होता. तिला ओरखडाही आला नाही, पण ती पोर खांबासारखी उभी राहिली होती आणि नंतर कितीतरी दिवस हात कोपरात वाकवत नव्हती. मग चार माणसांनी दादाला धरून नेलं, वॉर्डात चादरीने बांधलं, आणि असं एक औषध दिलं की बरा होऊन आला तरी वर्षभर त्याचे हात थरथरत होते. ज्याचे हात थरथरतात त्याने बेतायचं कसं? ते वर्ष बारकीने एकटीने रेटलं. दुसऱ्या वेळी फरक एवढाच की नेणारी माणसं तीन होती.

दुसऱ्या खेपेनंतर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दादाला समोर बसवून सांगितलं होतं, की कायद्याने एक गोष्ट तुमच्या हातात आहे. बरे असताना तुम्ही लिहून ठेवू शकता, पुन्हा आजारी पडलात तर तुमच्यावर काय उपचार करायचे, काय करायचे नाहीत, आणि तुमच्या वतीने कोण बोलेल. दादा खूश झाला. मापाचा माणूस तो, त्याला असलं काहीतरी हवंच होतं. त्याने लिहून दिलं: धरून नेऊ नका, बांधू नका, हात थरथरवणारं ते औषध देऊ नका. माझ्या वतीने माझी बहीण बोलेल. आणि मी खडूशिवाय बेतायला लागलो की मी आजारी आहे असं समजा, तोवर मला माझ्या घरात राहू द्या.

"खडूचं कोण बघणार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बारकी बघेल की. समोरच बसते."

बारकीने मान डोलावली होती. तिला तेव्हा मोठं कौतुक वाटलं होतं स्वतःचं.

त्यानंतर बरीच वर्षं सुरळीत गेली. दादा औषधं वेळेवर घ्यायचा, नेमाने दवाखान्यात जायचा, संध्याकाळी समोरच्या बटणवाल्याच्या दुकानात बसून चहा प्यायचा. बटणवाला म्हणजे बटणं, चेन, अस्तर, दोरे विकणारा आणि त्याच्यासोबत गावभरची बातमी फुकट देणारा माणूस. त्याचं तोंड बंद राहत नसे आणि दादाचं उघडत नसे, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

मग लेकीला दिवस गेले. ती दुसऱ्या शहरात असायची. जावई कामानिमित्त महिनोन्महिने बाहेर, म्हणून बाळ झालं की ते घेऊन आईकडे येऊन राहायचं असं ठरलं. फोनवर एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "आई, मामा बरा आहे ना गं? बाळ घरात असणार, मला उगाच जरा भीती वाटते." पुढेही ती काहीतरी म्हणाली, पण बारकीचे कान 'भीती'पाशीच अडकले. फोन ठेवला तरी खांबासारखी उभी राहिलेली पोर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

आता खरं सांगायचं तर दादा ठणठणीत होता. फक्त त्याची दाढ दुखत होती. गालाला हात लावून रात्रभर खोलीत फेऱ्या मारायचा आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी कामाला बसायचा. दाताच्या डॉक्टरकडे जा म्हटलं की उद्या, उद्या. भल्याभल्यांची दातांपुढे गाळण उडते, त्याचीही उडाली. झोप नाही म्हणून चिडचिड वाढली. एका गिऱ्हाइकाला त्याने "तुमच्या पोटाला मी काय करू" असं तोंडावर सांगितलं. बारकीने एकेक गोष्ट मनात टिपून ठेवली. झोप नाही. चिडचिड आहे. उरला फक्त खडू, आणि खडू तर तो मारतच होता. राखाडी पँटचं कापड त्याने तिच्या डोळ्यांदेखत आखलं, मागे सरून बघितलं आणि मग कापलं.

नेहमीच्या तपासणीला दोघं दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी दादाचे लाल डोळे बघितले आणि झोपेबद्दल विचारलं. दादा म्हणाला, दाढ. डॉक्टरांनी बारकीकडे बघितलं. आणि बारकीच्या तोंडून निघून गेलं, "परवा खडूशिवाय बेतलं त्याने."

निघून गेलं म्हणणं म्हणजे तिला झुकतं माप देणं झालं. वाटेत रिक्षात बसल्यापासून ते वाक्य तिच्या जिभेवर घोळत होतं. तिने मनाशी एवढंच म्हटलं होतं, की थोडे दिवस आत राहील, आराम होईल, दाढही बघतील, तोवर बाळ जरा मोठं होईल. माणूस स्वतःला फसवताना किती काळजीवाहू होतो, ते तेव्हा बारकीकडे बघून कळलं असतं.

दादा ताडकन उठला. "खोटं बोलतेय ती. बारके, खोटं का बोलतेस?" आवाज चढला होता, बोट रोखलेलं होतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. दादाला ते लिहिताना दिसलं. तो लगेच खाली बसला आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही. डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही तपासलं. स्वतः रुग्णानेच ठरवून दिलेली खूण, त्याने स्वतः नेमलेली बहीण, मग शंका कोण घेणार? नशीब एवढंच की या वेळी कुणी त्याला धरून नेलं नाही. दादा स्वतःच्या पायांनी वॉर्डाकडे चालत गेला. दाराशी त्याने एकदा मागे वळून बघितलं. बारकी तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिला काहीही नको होतं.

लेक आली, बाळ आलं. घर दुधाच्या आणि पावडरच्या वासाने भरून गेलं. नात होती, गोल चेहऱ्याची, आणि झोपेत ओठ दुमडायची. बारकीला आनंद झाला नाही असं नाही, पण प्रत्येक आनंदाला शेवटी एक टोचणी असायची. बाळाचे कपडे दादाच्या खोलीतल्या खुंटीवर, बाळाची बादली दादाच्या खोलीच्या कोपऱ्यात. लेकीने आल्या आल्या विचारलं, "मामा कुठाय?" बारकी म्हणाली, "पुन्हा त्रास सुरू झाला, ठेवलाय थोडे दिवस." लेकीने "अरेरे" म्हटलं आणि बाळ रडलं म्हणून विषय तिथेच राहिला.

दर रविवारी बारकी भेटायला जायची. भेटीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उंचावर एक पंखा, आणि दारात एक परिचारिका. दादाची दाढ तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात काढली होती आणि त्याला आता छान झोप लागत होती. म्हणजे त्याचं म्हणणं खरं होतं, पण तिथल्या लोकांना वाटलं की औषध लागू पडतंय. पहिल्या रविवारी तो वॉर्डातल्या विजारीत आला होता. नाडीच्या जागी इलास्टिक आणि एक पाय आखूड. दुसऱ्या रविवारी स्वतःच्या शर्टपँटमध्ये आला.

"इथे स्वतःचे कपडे घालता येतात," तो म्हणाला. "भिंतीवर लिहिलंय, काय काय हक्क आहेत ते. मी वाचून काढले सगळे. कपडे मागितले, मिळाले. फोन मागितला, मिळाला. वकील मागितला, तोही मिळेल म्हणाले, फुकट."

"वकील कशाला रे दादा?"

दादाने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू सांगणार आहेस का खरं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

बारकी म्हणाली, "डबा आणलाय, खाऊन घे." आणि डब्याचं झाकण उघडायला लागली. ते उघडता उघडेना.

वकीलबाई दुकानात आल्या त्या भर दुपारी. वयाने लेकीएवढ्या, खांद्याला जड पिशवी, घामाघूम. बारकीने पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. वकीलबाई सरळ मुद्द्यावर आल्या. रुग्णाने मंडळाकडे अर्ज केला आहे. मंडळ म्हणजे दवाखान्याबाहेरची तीन माणसं, जी रुग्णाचं ऐकतात आणि त्याला ठेवणं योग्य आहे की नाही ते ठरवतात. त्याचं म्हणणं, तो आजारी नव्हता. दवाखान्याचं म्हणणं, आपण आजारी नाही असं म्हणणं हाच त्याच्या आजाराचा भाग आहे.

"आणि दवाखान्यानेही मंडळाकडे परवानगी मागितली आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या भावाने नको म्हणून लिहून ठेवलेलं ते जुनं औषध द्यायची. झोप सुधारली तरी बाकीची औषधं पुरत नाहीत, कारण रुग्णाला अजून आपला आजार मान्य नाही, असं दवाखाना म्हणतो."

"हातांचं औषध?" बारकीने विचारलं.

"हो. म्हणून मी आले. तुमचे भाऊ सांगतात, त्या दिवशी राखाडी पँटचं कापड होतं आणि त्यावर खडूच्या रेघा आहेत. अजून शिवलं नसेल तर दिसतील. ते कापड आहे का इथे?"

ते कापड बारकीच्या पाठीमागे, दारामागच्या खुंटीवर होतं. बाळाच्या गडबडीत शिवायचं राहिलं होतं. चार तुकडे एकत्र बांधलेले, वर गिऱ्हाइकाची चिठ्ठी. वकीलबाईंनी मान जरा डावीकडे वळवली असती तर दिसलं असतं.

"गिऱ्हाईक घेऊन गेलं," बारकी म्हणाली.

"आणि तुम्ही खडूशिवाय बेतताना स्वतः बघितलंत?"

"बघितलं."

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं, पाण्याबद्दल आभार मानले आणि उन्हात निघून गेल्या. बारकीने दार लोटलं. कापड खुंटीवरून काढून टेबलावर पसरलं. दादाच्या रेघा होत्या, बारीक, एका दमात मारलेल्या, कमरेपाशी त्याची नेहमीची छोटी फुली. तिने कपड्यांचा ब्रश घेतला. खडू जायला कितीसा वेळ लागतो? दोन हात मारले की साफ. ब्रश खाली ठेवून ती स्टुलावर बसली. दवाखान्यात बोलले ते खोटं घाबरून बोलले, असं आजवर ती मनाला सांगत आली होती. हे घाबरून केलेलं नव्हतं. हे तिने नीट, उजेडात, दार लोटून केलं होतं.

त्या दिवसापासून तिचं कशात लक्ष लागेना. मापं चुकायला लागली. एका माणसाची छाती तिने कमरेच्या जागी लिहिली, आणि तो शर्ट घालून आला तेव्हा गल्ली हसली. बटणवाला दुकानात डोकावला. तो दर बुधवारी दादाला भेटायला जायचा.

"बारकीताई, एक विचारू? रागावू नका," तो म्हणाला. "मास्तरांना ठेवून घेतलं त्याच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे होते. दाढेमुळे चहासुद्धा एका बाजूने पीत होते, पण कोटाच्या बटणांवरून माझी अशी हजेरी घेतली की काय सांगू. आजारी माणूस असा नसतो हो. मी त्यांना दोन्ही वेळा आजारी बघितलंय."

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?" बारकी फटकन बोलली. बटणवाला गप्प झाला. हे आक्रीतच होतं. तो जाताना म्हणाला, "नाही झालो, खरंय," आणि बारकीला वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "आई, मामा परत कधी येणार?" तिने विचारलं. "बाळाने त्याला बघितलंच नाहीये. दुपटी त्यानेच बेतावीत असं माझ्या मनात होतं."

बारकी कपड्यांच्या घड्या घालत होती. "तूच म्हणाली होतीस ना, भीती वाटते म्हणून."

"हो, पण पुढे मी काय म्हणाले ते ऐकलंस का? मामाला सांग, खोलीत येताना दार वाजवून येत जा, म्हणजे मी दचकणार नाही. एवढंच म्हटलं होतं मी." मग तिने आईकडे नीट बघितलं. लेकच ती, आईचा चेहरा तिला वाचता यायचा. "आई, तू काय केलंस?"

बारकीने सगळं सांगितलं. दाढ, रिक्षा, खडू, ब्रश. घडी घातलेलं एकच दुपटं ती पुन्हा पुन्हा उलगडून घालत होती. लेक ओरडली नाही. ती म्हणाली, "माझं नाव पुढे करून तू हे केलंस," आणि बाळाला उचलून खोलीत निघून गेली. ती खोली दादाची होती.

मंडळ दवाखान्यातल्याच एका लांबट खोलीत बसलं होतं. मधे निवृत्त न्यायाधीश, डोळ्यांवर जाड चष्मा. एका बाजूला बाहेरून आलेले डॉक्टर. दुसऱ्या बाजूला एक बाई होत्या, ज्या कधीकाळी स्वतः अशाच वॉर्डात राहून गेल्या होत्या. वकीलबाईंनी बारकीला सांगितलं होतं की कायद्याने अशा माणसालाही मंडळात जागा असते. बटणवाला मागच्या खुर्चीवर बसला होता, दादानेच त्याला बोलावलं होतं. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो आणि वकीलबाई एका बाजूला, दवाखान्याचे तरुण डॉक्टर दुसऱ्या बाजूला. बारकी कुठे बसावं हे न कळून दाराजवळ बसली.

दादा बोलला. बेतल्यासारखं, तुकडे तुकडे करून बोलला. "मी रागावलो तर ते लिहिलं जातं. गप्प बसलो तर तेही लिहिलं जातं. म्हणून मोजकं बोलतो. माझी दाढ दुखत होती. मी त्या दिवशी खडू मारून बेतलं होतं. मी आजारी पडतो, हे मला मान्य आहे. दोनदा पडलोय, पुन्हाही पडेन. फक्त तेव्हा मी आजारी नव्हतो."

तरुण डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं मांडलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवला होता. "आमच्याकडे बहिणीचा शब्द आहे," ते म्हणाले, "आणि खूण रुग्णाची स्वतःची आहे."

"रुग्णाचाही शब्द आहे," चष्म्याआडून न्यायाधीश म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "हो, पण." आणि पुढचं कुणी बोललं नाही. सगळ्यांना त्या 'पण'चा अर्थ कळला. बारकीलाही कळला. भावाच्या एवढ्या सगळ्या वाक्यांपेक्षा आपलं एक वाक्य जड आहे, आणि ते जड का आहे, तर आपण कधी आजारी पडलो नाही म्हणून. तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या धडधाकटपणाची शरम वाटली.

वॉर्डात राहून गेलेल्या बाई बारकीकडे वळल्या. "तुम्ही समोर बसता म्हणे. काय बघितलंत ते तुमच्या भाषेत सांगा."

बारकी उभी राहिली. बटणवाल्याकडे बघावं तर तो जमिनीकडे बघत होता. दादाकडे बघायची हिंमत नव्हती.

"त्याने खडू मारला होता," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. मी खोटं बोलले."

मग तिने पुढचंही सांगितलं, की कापड कुणी नेलं नव्हतं, ते दारामागे होतं, आणि वकीलबाई गेल्यावर त्यावरचा खडू तिने ब्रशने साफ केला. बाळाचं सांगितलं. लेकीचं नाव मात्र घेतलं नाही. "त्याने माझ्या हातात खूण दिली होती," ती म्हणाली, "भरवशाने दिली होती. मी तीच वापरली." एवढं बोलल्यावर तिला रडू आवरेना. तिला वाटत होतं, आता कुणीतरी खडसावेल, काहीतरी कठोर बोलेल, म्हणजे छातीवरचं ओझं जरा हलेल. पण मंडळातल्या बाईंनी फक्त पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि न्यायाधीशांनी सांगितलं की या खोट्या माहितीची नोंद मंडळ घेत आहे, तिच्याबाबत काय करायचं ते नंतर कळवलं जाईल. तरुण डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते हळू आवाजात दादाला म्हणाले, "मी दाढेचं ऐकायला हवं होतं."

निकाल तिथेच लागला. जुन्या औषधाची परवानगी नाकारली. रुग्णाला आज घरी जाता येईल. दादाने मान खाली घातली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"आणखी एक," न्यायाधीश म्हणाले. "तुमच्या वतीने बोलायला तुम्ही बहिणीला नेमलं आहे. ते तसंच ठेवायचं, की बदलायचं? तुमचा हक्क आहे."

आपण खरं सांगितलं, एवढं तरी त्याच्या मनात जमा होईल, अशी एक चोरटी आशा तिच्या मनात होती. नाकारून काय उपयोग, होती.

"बदलायचं," दादा म्हणाला, आणि मागे बसलेल्या बटणवाल्याकडे हात केला. बटणवाला उभा राहिला, काहीतरी बोलायला गेला, आणि त्याला शब्दच सापडला नाही. त्याने नुसतं हो म्हणून सही केली.

बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर दोघं भावंडं बसली. बटणवाला रिक्षा आणायला गेला होता. दादाच्या पायाशी त्याची पिशवी, तिच्यात घडी घातलेले कपडे. वॉर्डातून कुणीतरी खिडकीतून त्याला हात केला, त्यानेही केला. बारकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"दादा, बोल ना काहीतरी," शेवटी ती म्हणाली. "शिव्या दे. तुझा राग रास्त आहे. नाव बदललंस तेही बरोबर केलंस."

"राग आहे," दादा म्हणाला. "जाईल की नाही ते सांगता येत नाही. पण नाव रागाने नाही बदललं."

"मग?"

दाढ काढलेल्या बाजूला त्याने जीभ फिरवली, ती जागा अजून त्याच्या सवयीची झाली नव्हती.

"मी पुन्हा आजारी पडेन, बारके. कधीतरी पडेनच. तेव्हा तुलाच पहिल्यांदा कळेल, आणि तू इथे धावत येशील, अगदी खरं तेच सांगशील, जीव तोडून सांगशील." तो तिच्याकडे वळला. "आणि तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. माझ्यावर ठेवला नाही, तसाच."

फाटकाशी रिक्षा येऊन थांबली. दादाने पिशवी उचलली, आणि रिक्षापाशी आल्यावर बाजूला होऊन आधी तिला बसू दिलं.